पाठ धरते, पण पोटाचं काय?

बेल्जियममधल्या घेंट शहरात १९८०च्या दशकात हर्मन मिलान्ट्स आणि एरिक व्हेस या दोन संधिवाततज्ज्ञांनी एक वेगळीच वाट धरली. त्यांच्याकडे मणक्याच्या दाहक संधिवाताचे, म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आणि त्याच्या भाऊबंद आजारांचे रुग्ण येत. बहुतेक तरुण. पहाटे कंबर आखडल्यामुळे त्यांना जाग यायची आणि थोडं चालल्या-फिरल्याशिवाय पाठ मोकळी व्हायची नाही. पोटाची तक्रार त्यांतल्या बऱ्याच जणांना नव्हती. तरीही या डॉक्टरांनी त्यांची कोलोनोस्कोपी करून घेतली. दुर्बीण मोठं आतडं ओलांडून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेली आणि तिथले बारीक तुकडे तपासायला दिले. सूक्ष्मदर्शकाखाली निम्म्याहून अधिक रुग्णांच्या आतड्यात दाह आढळला. कित्येकांचं आतडं दुर्बिणीतून अगदी निरोगी दिसलं होतं.

त्याच शहरातल्या पुढच्या पिढीच्या संशोधकांनी २०१३मध्ये ६५ नव्या रुग्णांवर हाच अभ्यास पुन्हा केला, तेव्हा हे प्रमाण ४६ टक्के भरलं. म्हणजे निरीक्षण पक्कं आहे. त्याचं करायचं काय, यावर मात्र डॉक्टरांचं आजही एकमत नाही.

हा वाद नीट मांडता यावा म्हणून इथे एक मामा आणि एक भाची कल्पिली आहे. मामा सांगली-मिरज भागात हयात घालवलेले पोटविकारतज्ज्ञ, भाची पुण्यात संधिवाताची डॉक्टर. माणसं कल्पित असली तरी त्यांच्या तोंडचे मुद्दे या दोन शाखांचे डॉक्टर खरोखर एकमेकांपुढे ठेवतात, आणि त्यामागचं संशोधनही खरं आहे.

सुरुवात भाचीनं केली. "मामा, माझ्या प्रत्येक नव्या रुग्णाची एकदा तरी कोलोनोस्कोपी व्हायला हवी, असं मला वाटायला लागलंय. निम्म्यांच्या आतड्यात दाह असेल आणि तो त्यांना जाणवतही नसेल, तर मी नुसत्या पाठीकडे बघून औषध कसं देऊ?"

"आणि ज्याला पोटाचं काहीच होत नाही, त्याला मी जुलाबाचं औषध पाजून, भूल देऊन, दुर्बीण घालून सांगायचं काय?" मामांनी विचारलं. "अगं, आकडे नीट बघ. तुझ्या शंभर रुग्णांत क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याच्या दाहाचा उघड आजार, किती जणांना असतो?"

"जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१५मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात जवळपास ७ टक्के. डोळ्यांचा युव्हायटिस २६ टक्के, सोरायसिस ९ टक्के."

"म्हणजे सूज पन्नास जणांना आणि आजार सात जणांना. मधल्या चाळीस-बेचाळीस लोकांना मी कुठलं औषध देऊ? त्यांच्या आतड्यावर उपचार केल्यानं पुढचा क्रोन्स टळतो, हे कुणी दाखवलंय का? नाही. मग त्यांच्या हातात फक्त एक भीतीदायक रिपोर्ट येणार."

मामांचा हा हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. एखादी गोष्ट शोधता येते एवढ्यावर ती शोधावीच असं होत नाही. सापडल्यावर रुग्णाचं भलं करता आलं पाहिजे. इथे मामांचं पारडं जड आहे.

पण त्यांनी पुढचा मुद्दा काढला तेव्हा भाचीकडे उत्तर तयार होतं. मामा म्हणाले, "शिवाय तुझे रुग्ण वर्षानुवर्षं डायक्लोफेनॅक, इंडोमेथासिन, नॅप्रोक्सेन घेतात. इंगवार ब्यार्नासन यांनी लंडनमध्ये १९८०च्याच दशकात दाखवून दिलं होतं की अशा गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या लहान आतड्याला सूज येते. घेंटवाल्यांनी पाहिली ती गोळ्यांचीच करामत कशावरून नसेल?"

"गोळ्यांचा हात थोडा असेलच, मी नाकारत नाही. पण २०१३च्या अभ्यासात गोळ्या घेण्याचा आणि आतड्यातल्या दाहाचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो पुरुष असण्याशी, कमी वयाशी आणि पाठीचा आजार किती जोरात आहे याच्याशी. आणि मिलान्ट्स यांनी काही रुग्णांना काही वर्षांनी पुन्हा दुर्बीण घातली होती. ज्यांचे सांधे शांत झाले होते त्यांचं आतडंही निवळलं होतं. ज्यांचे सांधे धुमसत होते त्यांचं आतडंही तसंच होतं. पुढे ज्या थोड्यांना क्रोन्स झाला, त्यांच्या आतड्यात पहिल्या तपासणीतच दाह दिसला होता. एवढं सगळं गोळ्यांच्या माथी मारता येईल?"

मामा यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. दोन्ही एकत्र नांदतात हे मान्य. पण आधी कोण? आतडं बिघडतं म्हणून पाठ धरते, की दोन्हीचं मूळ तिसरीकडेच आहे?"

या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४मध्ये, फिनलंडच्या आघाडीवर आमांशाची मोठी साथ आली. त्यानंतर सांधेसूज, डोळे येणं आणि लघवीची जळजळ असा त्रिकुटाचा आजार झालेल्या ३४४ रुग्णांची नोंद पारोनेन या डॉक्टरांनी १९४८मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९६२मध्ये अमेरिकी नौदलाच्या 'लिटल रॉक' या जहाजावर शिगेला जंतूमुळे सुमारे ६०० खलाशांना आमांश झाला आणि त्यांतल्या नऊ-दहा जणांना सांध्यांचा तोच आजार जडला. बाकीचे बरे होऊन कामाला लागले. या मोजक्यांनाच का? उत्तराची चाहूल १९७३मध्ये लागली. लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी एकाच वर्षी सांगितलं, की अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या बहुसंख्य रुग्णांत एचएलए-बी२७ हे आनुवंशिक चिन्ह असतं. मग १९७६मध्ये त्या जहाजावरच्या पाच जणांचा पुन्हा शोध लागला. पाचांपैकी चौघे बी२७ निघाले.

भाचीचा भर मात्र उंदरांवर होता. "टेक्सासमध्ये जोएल टॉरोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०मध्ये मोठ्या उंदरांत माणसाचं बी२७ जनुक घातलं. उंदरांना जुलाब लागले, सांधे सुजले, मणके बिघडले. मग १९९४मध्ये तेच उंदीर पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवले. जनुक तेच, पण आतडंही ठीक राहिलं आणि सांधेही. आतड्यात जंतूच नाहीत, तर सांधेदुखीही नाही. मामा, यापेक्षा स्पष्ट पुरावा काय हवा?"

"माणसाचा हवा," मामा म्हणाले. "माझा पुरावा ऐक. अल्सरेटिव्ह कोलायटिसचा रुग्ण औषधांना दाद देत नाही, तेव्हा आम्ही शस्त्रक्रियेनं मोठं आतडं पूर्ण काढतो. पोटाचा प्रश्न बहुधा मिटतो. गुडघ्या-घोट्याची सूज अशा रुग्णांत पोटाबरोबर वर-खाली होते, ती पुष्कळदा थांबते. पण मणक्याचा आजार? तो आपल्या चालीनं पुढे जातच राहतो. आतडं हेच मूळ असतं, तर मूळ काढल्यावर तो थांबायला नको होता?"

"सुरुवात आतड्यातून झाली असेल आणि नंतर त्यानं स्वतःचं बस्तान बसवलं असेल."

"असेल. पण 'असेल' म्हणून कुणाला दुर्बीण घालत नाहीत."

इथे एक गोष्ट जाता जाता सांगायलाच हवी, कारण तिच्यापायी बरेच लोक उपाशी राहतात. लंडनचे ॲलन एब्रिंगर यांनी आतड्यातल्या क्लेब्सिएला जंतूवर बोट ठेवलं आणि पिष्टमय पदार्थ बंद करण्याचा आहार सुचवला. ऐकीव माहितीवर भात, भाकरी, बटाटा सोडून बसलेले रुग्ण या दोन्ही डॉक्टरांच्या पाहण्यात आहेत. या आहाराला मोठ्या, तुलनात्मक चाचणीचा आधार नाही. आतड्याच्या आजारात वजन आधीच घटतं. त्यात पोटभर जेवणही तोडायचं, हे दोघांनाही मान्य नाही, आणि या लेखाचंही मत तेच आहे.

वाद खरा रंगला तो औषधांवर. आतडं आणि मणका यांचं नातं किती विचित्र आहे, हे गेल्या पंचवीस वर्षांतल्या औषधांनी जितकं उघड केलं तितकं कुठल्याही सूक्ष्मदर्शकानं केलेलं नाही.

मामांनी जुन्या औषधापासून सुरुवात केली. "सल्फासॅलाझिन घे. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ या बाईंनी ते सांध्यांसाठी तयार करवून घेतलं, कारण सांधेसुजीमागे जंतुसंसर्ग असावा असं त्यांना वाटत होतं. उपयोग मोठा झाला तो कोलायटिसच्या रुग्णांना. आजही कोलायटिसला आणि हातापायाच्या सांध्यांना ते चालतं, मणक्याला मात्र नाही. स्टेरॉइडचं बघ. क्रोन्स भडकला की स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आठवडाभरात फरक पडतो. तुझ्या मणक्याला त्यांचा काही उपयोग?"

"फारसा नाही. आम्ही त्या पाठीसाठी दीर्घकाळ देतच नाही."

"मग एकच आजार कसा म्हणतेस?"

"थांबा, मामा. टीएनएफ हे दाह वाढवणारं रसायन रोखणारी औषधं आली तेव्हा काय झालं तेही सांगा की. इन्फ्लिक्सिमॅब आधी क्रोन्ससाठी वापरात आलं. घेंटमध्ये क्रोन्स आणि सांधे दोन्ही असलेल्या रुग्णांना ते दिलं, तर पोटाबरोबर सांधेही सुधारले. हे २०००मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोन वर्षांत ते मणक्याच्या आजारासाठी सिद्धही झालं. अडालिमुमॅबचंही तसंच. एक औषध, दोन्ही अवयव."

"आणि एटानरसेप्ट?"

भाची हसली. "ते सांगणारच होते. एटानरसेप्टही टीएनएफलाच रोखतं, पाठीला उत्तम लागू पडतं. पण क्रोन्सवर ते वापरून पाहिलं आणि २००१मध्ये निकाल आला, की खोट्या औषधापेक्षा फरक नाही. तेच रसायन रोखलं, तरी पाठ ऐकते आणि आतडं ऐकत नाही."

पुढची गोष्ट याहून चकित करणारी आहे. सेक्युकिनुमॅब हे इंटरल्यूकिन-१७ला रोखणारं इंजेक्शन अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या पाठीवर चांगलं चालतं. मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१५मध्ये आले आणि आज भारतातही ते सर्रास वापरात आहे. पण त्याआधी, २०१२मध्ये, क्रोन्सच्या रुग्णांवरच्या चाचणीत ते सपशेल अपयशी ठरलं होतं. रुग्ण सुधारले तर नाहीतच, उलट औषध घेणाऱ्यांचा कल बिघडण्याकडे दिसला आणि संसर्गही वाढले. त्याच वर्गातल्या ब्रोडालुमॅबची क्रोन्समधली चाचणीही मध्येच थांबवावी लागली. कारणाचा अंदाज असा, की इंटरल्यूकिन-१७ सांध्यात आग लावत असलं तरी आतड्याच्या अस्तराची राखणही तेच करतं.

आता याचं उलटं टोक. इंटरल्यूकिन-२३ रोखणारी औषधं क्रोन्सवर गुणकारी आहेत. इटलीतल्या पालेर्मोच्या फ्रान्चेस्को चिच्चा यांच्या गटानं मणक्याच्या रुग्णांच्या लहान आतड्यात हेच इंटरल्यूकिन-२३ वाढलेलं दाखवलं होतं, तेही पोटाची तक्रार नसताना. आतडं हे मूळ असेल तर हे औषध पाठीलाही लागू पडायलाच हवं, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. रिसान्किझुमॅब आणि उस्टेकिनुमॅब दोन्ही पाठीवर वापरून पाहिली. २०१८-१९मध्ये निकाल आले आणि दोन्ही औषधांच्या चाचण्या फसल्या. फक्त आतड्याकडे जाणाऱ्या पेशी अडवणाऱ्या व्हेडोलिझुमॅबचंही तेच झालं. पोट शांत होतं, पण काही रुग्णांत त्यानंतर सांधेदुखी नव्यानं उफाळल्याच्या नोंदी खुद्द घेंटमधूनच आल्या.

"म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं," मामा म्हणाले. "आतडं शांत केल्यानं पाठ शांत होत नाही. तुझा 'आधी आतडं' हा सिद्धांत इथे अडतो."

"सिद्धांत अडला, मान्य. पण मामा, माझी गरज उलट वाढली." भाचीचा आवाज चढला. "आधी माझ्या हातात फक्त वेदनाशामक गोळ्या होत्या. आतड्याचं माहीत नसलं तरी औषध तेच असायचं. आता तसं नाही. ज्या तरुणाला लपलेला क्रोन्स आहे त्याला मी सेक्युकिनुमॅब दिलं, तर पाठ सुटेल आणि पोट पेटेल. एटानरसेप्ट दिलं तर पोट तसंच राहील. त्याला अडालिमुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब द्यायला हवं होतं. आतड्याचा दाह असलेल्यांना हीच औषधं आधी द्या, असं २०२२च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीही सांगतात. मूळ कुठे आहे हे मला कळलं नाही तरी चालेल. पण इंजेक्शन निवडायच्या दिवशी त्याचं आतडं कसं आहे, हे मला कळलंच पाहिजे."

भाचीचा हा मुद्दा वादाचा मोहरा बदलतो. आतडं आधी की पाठ आधी, हा संशोधकांचा प्रश्न आहे आणि तो सुटायचा आहे. रुग्णाचा प्रश्न वेगळा आहे. सेक्युकिनुमॅबवर नव्यानं क्रोन्स उद्भवण्याचं प्रमाण वर्षाकाठी शंभरात एकाहूनही कमी आहे, त्यामुळे ते घेणाऱ्यांनी घाबरून इंजेक्शन बंद करू नये. पण ज्याच्या आतड्यात आधीच काही धुमसतंय, त्याची गोष्ट निराळी. अपाडासिटिनिबसारखी नवी गोळी पाठ, क्रोन्स आणि कोलायटिस तिन्हींवर चालते. तिच्यातही नागीण, इतर संसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका तोलावा लागतो. निवड करण्याइतकी औषधं हाताशी आल्यामुळेच आतड्याची विचारपूस आता टाळता येत नाही.

मामांचा सगळ्यात वजनदार मुद्दा अजून यायचा होता, आणि तो आपल्या मातीतला होता. "घेंटमध्ये लहान आतड्याच्या टोकाला व्रण दिसला की ते क्रोन्स म्हणतात. सांगलीत दिसला की मला आधी टीबी आठवतो. आतड्याच्या टीबीची लाडकी जागा नेमकी तीच, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथली. व्रण सारखे, अरुंद झालेलं आतडं सारखं, तुकड्यातल्या गाठीही पुष्कळदा सारख्या. पॅथॉलॉजिस्ट 'ग्रॅन्युलोमा आहे' एवढंच लिहून पाठवतो. मग मी काय करतो? टीबीची औषधं सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतो. व्रण भरले तर टीबी, नाही भरले तर क्रोन्सचा विचार. बेल्जियमच्या डॉक्टरला हा पेच क्वचित पडतो, मला आठवड्याला पडायचा. तू लक्षणं नसलेल्या शेकडो लोकांना दुर्बीण घालशील, त्यांतल्या काहींत बारीकसा व्रण दिसेल आणि धडधाकट माणूस सहा महिने टीबीच्या गोळ्या खाईल."

"आणि चुकून उलट झालं तर?"

"तेच तर भयंकर आहे. टीबी असताना क्रोन्स समजून टीएनएफ रोखणारं औषध दिलं, तर टीबी अंगभर पसरतो. इन्फ्लिक्सिमॅबनंतर टीबी झालेले ७० रुग्ण २००१मध्येच नोंदले गेले होते. आपल्याकडे तर छातीचा एक्स-रे आणि मांटू किंवा रक्ताची टीबी चाचणी केल्याशिवाय असं इंजेक्शन टोचूच नये."

"ते आम्ही करतोच. आता तर अडालिमुमॅबचं स्वदेशी रूप २०१४पासून भारतात मिळतं, त्यामुळे हे औषध पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त लोकांपर्यंत जातंय. म्हणून ही काळजी जास्तच घ्यायला हवी, हे खरं."

भाचीनं मग सरसकट दुर्बिणीचा आग्रह सोडला, पण शोध सोडला नाही. "शौचाच्या नमुन्यातलं कॅलप्रोटेक्टिन तपासलं तर? पांढऱ्या पेशींतलं हे प्रथिन आतड्यात दाह असला की शौचात वाढतं. टोचणं नाही, भूल नाही."

"चाळणी म्हणून चांगली आहे," मामा म्हणाले, "पण तिची भोकं ओळख. ५०च्या आत आलं तर बहुधा निश्चिंत राहा. २५०च्या वर आलं तर मला कळव. मधलं आलं तर घाई करू नकोस. स्वीडनमध्ये अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या २०५ रुग्णांत तपासलं, तर ६८ टक्क्यांचं ५०च्या वर होतं. त्या सगळ्यांना क्रोन्स थोडाच होता? वेदनाशामक गोळ्यांनी ते वाढतं, ॲसिडिटीच्या गोळ्यांनीही वाढतं. जमत असेल तर दोन-तीन आठवडे गोळ्या थांबवून पुन्हा कर."

"पाठ आखडलेल्या माणसाला तीन आठवडे गोळीशिवाय ठेवायचं?"

"ते तुझं तू ठरव. मी फक्त आकडा कसा वाचायचा ते सांगतोय."

या चाचणीपेक्षाही स्वस्त एक गोष्ट आहे आणि तीच सर्वांत जास्त राहून जाते: विचारणं. पाठीसाठी आलेला माणूस हाडांच्या डॉक्टरपुढे शौचाविषयी बोलत नाही. त्याला तो संबंध माहीत नसतो आणि लाजही वाटते. शौचातून रक्त गेलं तर घरात मूळव्याध ठरते. दिवसातून चार-पाच वेळा जावं लागलं तर उष्णता झाली, बाहेरचं खाल्लं, पित्त झालं. पोटात मुरडा येतो, आव पडते, तर ताक पी. मणक्याच्या आजाराचं निदान व्हायलाच मुळात कित्येक वर्षं लागतात. तोवर गादी सरकली, शीर दबली, बसून काम आहे ना, अशी कारणं चालतात. त्या वर्षांत पोटाचं दुखणं वेगळ्या डॉक्टरकडे आणि वेगळ्या फायलीत जातं. दोन फायली एका टेबलावर येतच नाहीत. स्त्रियांच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण हा पुरुषांचाच आजार अशी जुनी समजूत अजून पुसली गेलेली नाही.

भाचीनं बाण उलटा फिरवला. "मामा, तुमच्या क्रोन्सच्या रुग्णांना तुम्ही पाठीचं विचारायचात का? रात्रीच्या उत्तरार्धात पाठ दुखून जाग येते का, बसून राहिल्यावर वाढतं आणि हिंडल्यावर कमी होतं का, वयाच्या पंचेचाळिशीआधी सुरू झालंय का?"

"सांधे दुखतात का, एवढं विचारायचो."

"एवढ्यानं भागत नाही. तुम्ही पोटाचा सीटी काढता ना, त्यात कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीच्या दोन्ही बाजूंचे सॅक्रोइलियाक सांधे पूर्ण दिसतात. आजाराची सुरुवात तिथेच होते. पण रिपोर्ट आतड्याचा मागितलेला असतो, म्हणून सांध्यांविषयी पुष्कळदा कुणी लिहीत नाही. वेगळा खर्च नाही, वेगळे किरण नाहीत, नुसतं त्या सांध्यांकडे बघायचं."

"हे मला पटलं," मामा म्हणाले. "रेडिओलॉजिस्टला चिठ्ठीवर दोन शब्द जास्त लिहायला काय हरकत आहे? तरुण रुग्ण असेल तर लिहावेत."

दुर्बिणीवर मात्र मामा शेवटपर्यंत अडून राहिले आणि या लेखकाच्या मते त्यांचं बरोबर आहे. लक्षण नाही, कॅलप्रोटेक्टिन फार वाढलेलं नाही, रक्त कमी नाही, अशा माणसाला केवळ पाठीचा आजार आहे म्हणून कोलोनोस्कोपी करू नये. सापडलेल्या सूक्ष्म दाहावर वेगळा उपाय आज नाही आणि आपल्याकडे टीबीचा गोंधळ पदरी पडतो. पण भाचीचं म्हणणं तिथे संपत नाही. पाठीच्या रुग्णाला पोटाचं न विचारता नवं इंजेक्शन लिहून देणं ही आजच्या घडीला अपुरी तपासणी आहे, आणि हे प्रत्येक अस्थिरोगतज्ज्ञानं, फिजिशियननं आणि संधिवाततज्ज्ञानं मान्य करायला हवं.

वाचकांपैकी कुणाला, किंवा घरातल्या कुणाला, मणक्याचा दाहक संधिवात असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा: चार आठवड्यांहून जास्त काळ पातळ शौचाला होतंय का, शौचातून रक्त किंवा आव जाते का, शौचासाठी रात्री झोपेतून उठावं लागतं का, वजन विनाकारण घटलंय का, रक्तातलं लोह सतत कमी येतंय का, गुदद्वाराजवळ गळू किंवा भगंदर झालंय का, कुटुंबात कुणाला क्रोन्स किंवा कोलायटिस आहे का, आणि घरात कुणाला टीबी झाला होता का. वेदनाशामक कोणती, किती आणि किती वर्षं घेताय, तेही सांगा. क्रोन्स किंवा कोलायटिस असणाऱ्यांनी आपल्या पोटाच्या डॉक्टरांना सकाळच्या आखडलेल्या पाठीविषयी तितक्याच मोकळेपणानं सांगावं. अडालिमुमॅब किंवा सेक्युकिनुमॅबसारखं बायोलॉजिकल इंजेक्शन सुरू करण्याचा विषय निघेल त्या दिवशी पोटाची जुनी फाईल बरोबर न्या आणि ती डॉक्टरांसमोर ठेवूनच औषधाचं नाव ठरू द्या.